उघड्या हाताने

"फुगलेली दिसली की उचल. विचार करत बसू नकोस. चिमट्याने धर, चुन्याच्या डब्यात टाक, झाकण लाव. उघड्या हाताने धरायची नाही. कधीच नाही."

कोषवालीला हे तिच्या सासूने लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात सांगितलं होतं. सासूला जाऊन बरीच वर्षं झाली. तरी शेडचं दार ढकललं की आधी तो आवाज यायचा आणि मग ओल्या पाल्याचा वास.

रेशमाच्या अळ्यांना साथ आली की त्यांची कातडी ताणते, चकचकीत होते, सांध्यासांध्यात फुगते. अशी अळी पाला खात नाही. थाऱ्यावर राहत नाही. पाल्याच्या थराच्या कडेकडेने नुसती फिरत राहते, मग कातडी फुटते आणि आतलं पांढरट पाणी ज्या पानावर सांडेल ते पान खाणारी प्रत्येक अळी जाते. मागची सगळी बॅच अशीच गेली होती. घरातल्या तिघांनी मिळून ती खड्ड्यात पुरली होती, आणि पुरून झाल्यावर कुणी जेवलं नव्हतं.

म्हणून या खेपेला कोषवालीने शेडच्या भिंती स्वतः धुतल्या, दारात चुन्याचं पायपुसणं टाकलं. तिचा एक रोजचा नेम होता. सकाळी उठल्यापासून अळ्यांना पहिला पाला पडेपर्यंत ती बोलत नसे. मुक्या जिवांचं तोंड हलायच्या आधी आपलं हलू नये, असं तिला वाटे. पहिली फांदी ती स्वतःच्या हाताने ठेवायची, डोळे मिटून हात जोडायची आणि मग दिवसाचं बोलणं सुरू व्हायचं.

त्या सकाळी बोलणं सुरू झालं ते सुनेला बघून. सातवा महिना लागलेली सून रॅकच्या लोखंडी खांबाला पोट घासत उभी होती.

"काय गं, खाजतंय?"

"बेंबीभोवती. लाल झालंय. ताणतंय म्हणून असेल."

"मलाही तुझ्या नवऱ्याच्या वेळी झालं होतं. तेल लाव."

मुलगा पाल्याचा भारा खाली टाकत म्हणाला, "आई, ही अळ्यांत राहून राहून आता कात टाकणार बघ. मला नवी कोरी बायको मिळेल."

"मिळेल की," सून म्हणाली. "पण नवी आली ना, ती काही तुमचे भारे उचलणार नाही. जुनीच जपा."

तिघंही हसली. अळ्या दुसरी कात टाकून उठल्या होत्या. हजारो तोंडं एकदम पाला खात होती आणि पत्र्यावर बारीक सर पडावी तसा आवाज शेडभर भरून राहिला होता. बाहेरही पाऊस होताच. ओला पाला अळ्यांना चालत नाही, म्हणून फांद्या ओसरीत दोऱ्यांवर निथळत ठेवल्या होत्या आणि त्यांच्याखालून जाताना प्रत्येकाच्या मानेत पाणी पडत होतं.

तेलाने काही झालं नाही. लाल चट्टे पोटभर झाले, मग मांड्यांवर उतरले, हातांवर आले. सून बसली की उठायची, उठली की फिरायची. जेवताना एक हात ताटात आणि दुसरा कोपरावर. गावातल्या डॉक्टरांनी बघितलं आणि खरूज असेल म्हणाले, किंवा शेडमधल्या धुळीची ॲलर्जी असेल. एक मलम दिलं. "घरातल्या सगळ्यांनी लावा. आणि आठवड्यात उतरलं नाही तर इथे थांबू नका, शहरात कातडीच्या डॉक्टरला दाखवा," हेही सांगितलं.

शेवटचं वाक्य सगळ्यांनी ऐकलं होतं. पण वाढत्या अळ्यांची भूक घड्याळ बघत नाही. पाला तोडायचा, निथळायचा, घालायचा, खालची घाण काढायची, की पुन्हा पाला. आठवडा कधी उलटला ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. सुनेच्या आलं असेल. ती बोलली नाही.

मग एका दुपारी सुनेने पाला पसरायला हात पुढे केला आणि कोषवालीला तिच्या मनगटावर फोड दिसला. द्राक्षाएवढा. ताणलेला, चकचकीत, आत पिवळसर पाणी. बाही वर सरकली तसे आणखी दिसले, लहानमोठे, चट्ट्यांच्या कडेने ओळीत बसलेले.

कोषवालीच्या हातातली फांदी तिथेच राहिली.

"बाहेर हो," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिचा आवाज कधीच चढत नसे.

"एवढी ओळ संपवते, आई."

"राहू दे. हात मागे घे आधी."

सुनेने हात मागे घेतला. ज्या थरावर तो हात गेला होता तिथला पाला कोषवालीने चिमट्याने उचलून बाजूला काढला. सून दारात उभी राहून ते बघत होती. तिने चपला घातल्या आणि गेली.

संध्याकाळपर्यंत सुनेचं अंथरूण जुन्या जाळ्यांच्या खोलीत गेलं. एका खिडकीची ती खोली होती. कोष करायच्या वेळी अळ्यांना ज्या जाळीदार चौकटींवर सोडतात, त्यातल्या मोडक्या तिथे रचलेल्या असत. तिचं ताट वेगळं झालं, तांब्या वेगळा झाला. कोषवाली ताट उंबऱ्याच्या आत सरकवायची आणि जेवण झाल्यावर ते सुनेनेच धुवायचं. "दोन जिवांची आहेस, शेडची दगदग नको तुला," असं कोषवालीने म्हटलं होतं. दोघींनाही ते खरं वाटलं नव्हतं.

मुलगा म्हणाला, "आई, माणसाला अळीसारखं काय वेगळं काढतेस?"

"मागची बॅच कशी गेली ते विसरलास?"

"ती अळ्यांची साथ होती."

"पाण्याने भरलेली कातडी फुटते आणि पसरते. तू सांग मला यात वेगळं काय आहे."

त्याचे डोळे जागरणाने तांबारले होते. तो परत पाला आणायला गेला.

पाला तोडणारी बाई रोज सकाळी भारे घेऊन यायची. गावात तिला सगळे रेडिओ म्हणत, तिच्या तोंडावरसुद्धा, आणि ती रागावत नसे. तिने खिडकीतून सुनेला बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून भारा कुंपणापलीकडेच टाकला.

"आत आण ना गं," कोषवाली म्हणाली.

"नको बाई. माझ्या घरी लहान नातवंडं आहेत. तुझी सून गुणाची आहे, मी कुठे नाही म्हणते? पण फोड काही गुण बघून येत नाहीत."

"कुणाला सांगू नकोस."

"मी?" रेडिओ म्हणाली. "मी कशाला सांगू? सगळ्यांना माहीतच आहे."

दूधवालीही त्या दिवसापासून कुंपणावरून हात लांब करून वरूनच दूध ओतायला लागली. निम्मं बाहेर सांडायचं. कोषवाली भांडं धरून उभी राहायची. सांडलेल्या दुधापेक्षा त्या लांब केलेल्या हाताचं तिला लागायचं, आणि घरात आल्यावर आपण तसाच हात लांब करून ताट सरकवायची.

सुनेला खाज बसू देत नव्हती. ती अंगणात कुंपणाच्या कडेकडेने फिरायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक हात पोटाखाली धरून, परत मागे. शेडच्या जाळीतून कोषवालीला ती फिरताना दिसायची. थराच्या कडेने फिरणारी अळी तिने जन्मभर बघितली होती. ती फिरायला लागली की पुढे काय होतं तेही बघितलं होतं.

काहीतरी करायला हवं होतं, आणि तिला जे करता येत होतं ते एकच होतं. मागची बॅच पुरल्यावर ज्याने शेड वाचली ती पूड. चुना आणि ब्लिचिंग पावडर मिसळलेली. अळ्या कात टाकून उठल्या की पाला घालायच्या आधी ती पातळ फडक्यात बांधून त्यांच्या अंगावर हलकेच झटकायची. त्याने थर कोरडा राहतो, ओल धरत नाही, साथ दबते. अळ्यांच्या एवढ्याशा कातडीला ती सोसते, तर माणसाला का नाही सोसणार?

तिने सगळ्यांत मऊ फडकं शोधलं. उंबऱ्यावर बसली, सुनेला पाठ करायला सांगितली आणि अळ्यांवर झटकते तितक्याच हलक्या हाताने पुरचुंडी झटकली. पाठीवर, दंडांवर, पोटावर. पांढरी धूळ फोडांवर बसत गेली. तिचे ओठ नाम घेत होते.

"जळतंय का गं?"

सुनेने खिडकीचा गज धरला होता. "नाही," ती म्हणाली. "गार वाटतंय."

दुपारी कोषवाली पाणी द्यायला गेली तेव्हा सून उभीच होती. कपडा पाठीला चिकटला होता. फोड फुटले होते आणि फुटल्या जागी कातडी सोललेली, लालभडक. सुनेचे ओठ दाताखाली होते.

"गार वाटतंय म्हणालीस ना?"

"तुम्ही एवढं हळू लावत होता," सून म्हणाली. "कसं सांगू?" मग थोडं थांबून, खाली बघत, "आई, सकाळपासून बाळ हललं नाहीये."

शेडमध्ये अळ्यांनी पाला खाणं कमी केलं होतं. त्यांचं अंग पिवळसर, आरपार दिसायला लागलं होतं. म्हणजे आता त्या कोष करणार. एकेक वेचून चौकटींवर सोडायचा हाच दिवस, याच दिवसासाठी सगळा खटाटोप. मुलगा हातातलं टाकून म्हणाला, "मी नेतो हिला. तू इथे बघ."

"मी नेते," कोषवाली म्हणाली.

"आई, तुझ्याशिवाय अळ्या—"

"पूड मी लावलीये."

बसमध्ये त्यांना जागा लगेच मिळाली. सून बसली आणि शेजारची बाई उठून पुढे जाऊन उभी राहिली. मागच्या बाकावरच्या माणसाने खिडकी उघडली, पाऊस आत येत असतानाही. कोषवाली सुनेच्या शेजारी बसली. मधे तिने पिशवी ठेवली होती. रस्ता खड्ड्यांचा होता. एका मोठ्या खड्ड्यानंतर सुनेने पोटावर हात ठेवला, श्वास धरला आणि सोडला.

"हललं?"

"लाथ मारली."

कोषवालीने डोळे मिटले. मग तिला शेड आठवली. मुलगा एकटा. पिवळ्या पडलेल्या अळ्या वेळेवर उचलल्या नाहीत तर थरातच कोष करतात, घाणीत. तिने देवाकडे एका दमात दोन गोष्टी मागितल्या आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. मग एकच मागितली.

रुग्णालयात आधी बाळंतपणाच्या विभागात बाळाचे ठोके ऐकवले. ठोके बरे होते, बाळ जरा लहान होतं. तिथून कातडीच्या विभागात पाठवलं. डॉक्टरीणबाईंच्या डोक्यावर एक चष्मा होता आणि नाकावर दुसरा. त्यांनी सुनेला खुर्चीवर बसवून भिंगातून बराच वेळ बघितलं. तोंड उघडायला लावलं, आत काही नव्हतं. घट्ट फोडाच्या शेजारची कातडी बोटाने दाबून बघितली.

"सुरुवात कुठून झाली?"

"बेंबीपासून," सून म्हणाली.

बाईंचा हात थांबला. "आधी खाज, मग चट्टे, मग फोड?"

"हो."

"हं. आणि ही पांढरी पूड कसली?"

"मीच लावली," सून म्हणाली. "घरात होती."

"कमाल आहे तुमची. उघड्या फोडांवर चुना? शिकलेल्या दिसता. निम्मी पाठ फोडांनी नाही, तुमच्या पुडीने सोललीये." बाई रागावून बोलत होत्या आणि सून मान खाली घालून ऐकत होती.

कोषवाली भिंतीशी उभी होती. "तिने नाही," ती म्हणाली. इतकं हळू, की बाईंना परत विचारावं लागलं. "मी लावली. आमच्या रेशमाच्या अळ्यांना लावतो आम्ही. साथ आली की."

बाईंनी दोन्ही चष्मे काढले. "अळ्यांना गुण येतो?"

"येतो."

"येत असेल. मला अळ्यांतलं काही कळत नाही. पण ही साथ नाही, आजी. आपल्या अंगात राखण करणारी यंत्रणा असते ना, बाहेरून काही आलं की लढणारी? ती हिच्या बाबतीत वाट चुकलीये आणि हिच्याच कातडीला परकं समजून तिच्यामागे लागलीये. पोटात मूल असतानाच होतो हा आजार, फार थोड्या बायकांना होतो. त्यांचा दोष नसतो. आणि लागत तर कुणालाच नाही. नवऱ्याला नाही, तुम्हाला नाही, तुमच्या अळ्यांना तर नाहीच नाही."

"पण पाण्याने भरलेले आहेत," कोषवाली म्हणाली.

"आहेत. पण त्या पाण्यात जंतू नाहीत. पाठीवरच्या उघड्या जागांत मात्र जाऊ शकतात, म्हणून त्या धुऊन झाकून ठेवू. पक्कं कळायला कातडीचे दोन बारीक तुकडे घेते, एक फोडाच्या कडेचा, एक शेजारच्या चांगल्या कातडीचा. ते तपासायला जातील. पण रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही, गोळ्या आजपासून." बाईंनी आजूबाजूला बघितलं. नर्स दुसऱ्या पडद्याआड होती. "आजी, हात धरा हिचा. हलू देऊ नका."

कोषवालीने पिशवीतून रुमाल काढला, तळव्यावर पसरला आणि रुमालाने सुनेचं मनगट धरलं. सुनेने रुमालाकडे बघितलं आणि मान पलीकडे वळवली.

बधिर करायची सुई टोचली तशी सुनेने हात हिसडला. रुमाल खाली पडला. कोषवालीने पटकन मनगट पकडलं ते तसंच, आणि काम होईपर्यंत धरून ठेवलं. मनगट गरम होतं. नाडी तिच्या बोटांखाली धावत होती. सुनेला हात लावून किती दिवस झाले हे तिला आठवेना.

टाके घालताना बाई सांगत राहिल्या. गोळी जेवल्यावर घ्यायची. स्टिरॉइडची आहे, साखर आणि रक्तदाब दर खेपेला बघायचा, बाळाची वाढ सोनोग्राफीत बघायची. बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायची नाही, मी सांगेन तशी कमी करायची. बाळंतपणाच्या वेळी हे परत उसळेल कदाचित, घाबरायचं नाही. "आणि एखाद्या बाळालाही थोडे फोड असतात जन्मतः. आपोआप जातात. त्यालाही पूड लावू नका म्हणजे झालं."

कोषवाली हसली नाही. सून थोडी हसली.

भरती करून घेणार होते. वॉर्डात खाट रिकामी होईपर्यंत दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या. बाकाच्या या टोकाला सून, त्या टोकाला कोषवाली, मधे पिशवी. समोरून माणसं स्ट्रेचर ढकलत जात होती.

"आई, एक विचारू?"

"विचार."

"बाळाला फोड आले तर त्याला कुठे ठेवायचं? जाळ्यांच्या खोलीत थंडी लागेल त्याला."

कोषवालीने पिशवीचा बंद सोडला, परत बांधला.

"कुठे ठेवायचं म्हणजे? घरात."

"शेडमध्ये अळ्या असतील तेव्हा. बारमाहीच असतात." सुनेच्या आवाजात राग नव्हता. थकवा होता. "आजारी अळीला हात लावलेल्याने त्या दिवशी शेडमध्ये जायचं नाही, हा तुमचाच नियम. मला हात लावायला तुम्हाला रुमाल लागतो. त्याला काय लावाल?"

कोषवालीने मधली पिशवी उचलून खाली ठेवली.

"त्याला सगळ्यांत आधी मी घेईन," कोषवाली म्हणाली. "फोड असोत, नसोत. या हातांनी. मधे काही न धरता."

"बोलून जाऊ नका, आई. मग राहून जातं."

"नेमाची आहे मी."

"अळ्यांच्या," सून म्हणाली, आणि डोळे मिटून भिंतीला टेकली.

गोळ्या लागू पडल्या. आठवड्याच्या आत नवीन फोड यायचे थांबले, जुने सुकून खपल्या धरायला लागले. रिपोर्ट नंतर आला. बाईंना वाटलं होतं तेच निघालं. घरी पोचल्या तेव्हा चौकटींवर कोष झालेले होते. सगळे पांढरेशुभ्र नव्हते, काही डागाळलेले, काही थरातच केलेले. मुलगा दाढी वाढवून दारात उभा होता.

"जमलं तेवढं केलं," तो म्हणाला.

"पुष्कळ केलंस," कोषवाली म्हणाली.

सुनेचं अंथरूण खोलीतून घरात आलं. ताट सगळ्यांच्या ताटांत मिसळलं. कोषवाली पाठीला मलम लावून द्यायची, बाईंनी दिलेलं, आणि त्याला हात लागत होताच. पण लावून झालं की ती मोरीवर जाऊन कोपरापर्यंत साबण लावायची. शेडचं दार सुनेला उघडलं नाही. नवी बॅच आली, बारीक मुंग्यांसारख्या अळ्या आल्या, आणि सून ओसरीतच पाला निथळत बसली. "विश्रांती घे," कोषवाली म्हणायची. सून मान डोलवायची.

गोळ्यांनी सुनेचा चेहरा गोल झाला, गाल भरून वर आले. रेडिओने कुंपणापलीकडून बघितलं. "अगं बाई, फोड गेले आणि आता सगळीच फुगली की."

तो शब्द कोषवालीच्या कानातून जाईना. त्याच दिवशी तिने सुनेला गोळी तोंडात टाकल्यासारखं करून उशीखाली ठेवताना बघितलं.

"बाहेर काढ," ती म्हणाली.

"बरी झाले ना मी? हा चेहरा बघवत नाही. लोक…"

"एकदम बंद करायची नाही म्हणाल्या बाई. परत उसळेल, आणि अंगातली ताकद जाईल एका दिवसात. घे. माझ्यासमोर."

तेव्हापासून सकाळी पहिला पाला पडला, हात जोडून झाले, की कोषवालीचे पहिले शब्द असायचे, "गोळी घेतलीस?"

"आई," मुलगा एकदा म्हणाला, "पूर्वी तुझा पहिला शब्द देवासाठी असायचा."

"देवाला न बोलता कळतं. तुझ्या बायकोला दोनदा सांगावं लागतं."

दर खेपेला बाई गोळी थोडी कमी करत गेल्या. बाळ वाढत होतं, हळू, पण वाढत होतं. सून कुंपणाच्या कडेने फिरायची थांबली होती. आता कोषवालीचाच पाय एका जागी ठरत नव्हता. शेडमधून घरात, घरातून मोरीवर, मोरीवरून शेडमध्ये. हातांची कातडी साबणाने कोरडी पडून भेगाळली.

दिवस भरायच्या जरा आधीच सुनेच्या पोटात दुखायला लागलं. अळ्या शेवटची कात टाकायला निजल्या होत्या, माना वर करून, खाणं सोडून, आणि त्या कधी उठतील ते बघायला कुणीतरी हवं होतं. मुलगा सुनेला घेऊन गेला. गाडीत बसताना सुनेने मागे वळून बघितलं.

सकाळी कोषवाली शेडमध्ये आली. नेहमीसारखी मुकी. अळ्या उठल्या होत्या. जुनी कात मागे टाकून, नव्या सैल कातडीत, हजारो डोकी हवेत पाला शोधत हलत होती. तिने पूड झटकली आणि फांदीकडे हात नेला, तेवढ्यात फोन वाजला.

तिने तो कानाला लावला. बोलली नाही.

"आई, मुलगी झाली," मुलगा म्हणत होता. "लहान आहे, पण रडली जोरात. आणि आई… पायांवर दोन-तीन फोड आहेत. पोटावर एक. हिलाही परत उसळलंय, हातभर. डॉक्टर म्हणाल्या सांगितलं होतं तसंच आहे, गोळी वाढवलीये. काळजीचं नाही." त्याने श्वास घेतला. "नर्सने पाळण्यात ठेवलीये. मी घ्यायला गेलो तर ही म्हणते, थांबा. आधी आई घेणार आहेत. म्हटलं, अगं, अळ्या आज उठणार, ती कशी येईल? तर म्हणते, मला ठाऊक आहे. नाही आल्या तर मग तुम्ही घ्या." तो थांबला. "आई? ऐकतेयस ना?"

पाला अजून पडला नव्हता. कोषवालीने समोरच्या थराकडे बघितलं.

"येते," ती म्हणाली. "मी घेते तिला. तोवर आईचं दूध पाजायला सांग."

फोन ठेवून ती बाहेर आली. कुंपणापलीकडे रेडिओ भारा उतरवत होती.

"आत ये," कोषवाली म्हणाली.

"आत? मी?"

"चुन्यावर पाय दे, हात धू आणि पाला घाल. अळ्या उठल्यात. पातळ घाल, कोवळा आधी."

"पहिला पाला? तो तर तू कुणाला घालू देत नाहीस. जीव गेला तरी." रेडिओने भारा कुंपणावर टेकवला. "झालं काय?"

"नात."

"देव पावला. बरी आहे ना? अंगावर काही…"

"फोड आहेत थोडे. तिला घ्यायला चाललेय."

रेडिओ गप्प झाली. तिला गप्प झालेलं कोषवालीने पहिल्यांदाच बघितलं. "आणि मग?" ती शेवटी म्हणाली. "तिला हात लावून परत शेडमध्ये येणार तू?"

"संध्याकाळी. दोघींना भेटून."

"त्याच हातांनी?"

"दुसरे कुठून आणू?"

रेडिओने भारा उचलला, कुंपणाचं फाटक ढकललं आणि चुन्याच्या पायपुसण्यावर पाय दिला.

कोषवाली मोरीवर गेली. अळ्यांना हात लावायच्या आधी धुवायची तसे तिने हात धुतले, बोटांच्या पेरांपर्यंत, नखांखालीसुद्धा. खुंटीवर रुमाल होता. तो तिने तिथेच राहू दिला. मागे शेडमध्ये पहिल्या फांद्या पडल्याचा आवाज आला, आणि जरा वेळाने खाण्याची बारीक सर सुरू झाली. ती क्षणभर थांबली, ओले हात जोडले, सोडले. मग फाटकातून बाहेर पडली आणि बसच्या थांब्याकडे चालायला लागली, हात अंगापासून थोडे दूर धरून, वाऱ्यावर वाळवत.